वाचकांचे प्रश्न : वसईच्या संताला २६५ वर्षे का लागली?

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नागासाकीच्या हुतात्म्यांचा स्मृतिदिन येतो आणि त्या सुमारास वसई, ठाणे, गोवा या भागांतून ख्रिस्ती संतांविषयी विचारणा करणारी पत्रे हमखास येतात. या वेळची बरीचशी पत्रे एकाच गाठीभोवती फिरणारी असल्यामुळे हे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : आमच्या वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये हुतात्मा झाले, पण त्यांना संत घोषित केले गेले १८६२ मध्ये. फ्रान्सिस झेवियर मात्र मृत्यूनंतर सत्तर वर्षांतच संत झाले. गोन्सालो अर्धे इथले होते म्हणून त्यांना एवढी वाट पाहावी लागली का? (एक वाचक, वसई)

उत्तर : आधी गोन्सालो यांची हकिकत सांगायला हवी, कारण उत्तराचा मोठा भाग तिच्यातच दडलेला आहे. साधारण १५५७ च्या सुमारास वसईत, पोर्तुगीज वडील आणि इथली आई यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंच्या हाताखाली वाढलेला हा मुलगा पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेला, जपानी भाषा तिथल्या माणसासारखी बोलू लागला आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून राबला. येशूसंघात रीतसर प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा होती. ती पुरी होत नाही असे पाहिल्यावर त्याने व्यापार धरला, त्यात जम बसवला आणि पुढे तोही सोडून मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या अनुयायांच्या संघात, साधा बंधू म्हणून दाखल झाला. धर्मगुरूची दीक्षा त्यांनी अखेरपर्यंत घेतलेली नव्हती, हे वसईबाहेरच्या अनेकांना ठाऊक नसते.

१५९३ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूला जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून पाठवले, तेव्हा दुभाष्या म्हणून गोन्सालो यांची निवड झाली. तीन वर्षांनी, १५९६ मध्ये, ‘सान फेलिपे’ नावाचे मालाने भरलेले स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यावर फुटले. माल जप्त झाला, वाद पेटला आणि धर्मप्रचारक हे स्पेनच्या सैन्याचे पुढचे पाऊल आहे असा संशय हिदेयोशीच्या मनात पक्का झाला. क्योटो आणि ओसाका येथे पकडलेल्या चोवीस जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून, भर हिवाळ्यात, सुमारे ८०० किलोमीटरचा रस्ता तुडवत त्यांना नागासाकीला नेण्यात आले. वाटेत आणखी दोघांची भर पडली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर या सव्वीस जणांना क्रुसांना जखडून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि उरलेले सतरा जपानी प्रापंचिक होते. या सतरांतला सर्वांत लहान मुलगा, लुई इबाराकी, अवघा बारा वर्षांचा होता.

सप्टेंबर १६२७ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर तीस वर्षांत, पोप आठवे अर्बन यांनी या हुतात्म्यांच्या पूजेला मान्यता दिली. त्या काळाच्या मानाने हा वेग चांगलाच म्हणावा लागेल. आपल्याकडे ज्याला ‘धन्यवादित’ आणि गोव्यात ‘भागेवंत’ म्हणतात, ती ही पायरी. या पायरीवरच्या व्यक्तीची सार्वजनिक भक्ती करायला परवानगी असते, परंतु ती एखाद्या प्रांतापुरती किंवा एखाद्या संघापुरती मर्यादित असते. संतपद मिळाले म्हणजे ती मर्यादा उठते आणि जगभरच्या चर्चला ती व्यक्ती संत म्हणून मान्य करावी लागते. फ्रान्सिस्कनांना त्यांच्या हुतात्म्यांची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करण्याची मोकळीक मिळाली होती, आणि निकड तिथेच संपली. पुढची पायरी चढण्यासाठी कोणीतरी रोममध्ये ठाण मांडून बसावे लागते, कागद हलवत राहावे लागतात, आणि त्यासाठी मागे एखादे राज्य, एखादा संघ किंवा जागता भक्तसमुदाय असावा लागतो. जपानने तर सतराव्या शतकात ख्रिस्ती धर्मावर बंदी घालून दारेच लावून घेतली होती आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर इथली पोर्तुगीज सत्ताही संपली. ज्या दोन ठिकाणांनी हा दावा लावून धरायचा, ती दोन्ही अशी बाजूला पडली.

झेवियर यांची गोष्ट अगदी उलट आहे. त्यांचा मृत्यू १५५२ चा. १५५६ मध्येच पोर्तुगालच्या राजाने त्यांच्याविषयी साक्षी नोंदवण्याचा हुकूम काढला आणि त्याप्रमाणे गोवा, कोचीन, मलाक्का आणि चक्क आपल्या वसईतही साक्षीदार तपासले गेले. गोन्सालो ज्या सुमारास जन्मले, त्याच सुमारास त्यांच्या गावात दुसऱ्या एका संताचे दप्तर तयार होत होते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. पाठीशी राजा आणि अख्खा येशूसंघ असल्यावर १६१९ मध्ये धन्यवादित आणि १२ मार्च १६२२ रोजी संत हा प्रवास सरळ झाला.

आता तुमच्या प्रश्नातली शंका. जन्मामुळे किंवा रंगामुळे गोन्सालो मागे पडले असे निदान या प्रकरणात म्हणता येत नाही, कारण त्यांच्याबरोबर क्रुसावर गेलेले स्पॅनिश पेद्रो बाप्तिस्ता आणि मेक्सिकोत जन्मलेले फेलिपे हेही नेमके तेवढेच थांबले. सव्वीसच्या सव्वीस जण एकाच दिवशी संत झाले. तो दिवस होता ८ जून १८६२ चा पेंटेकॉस्टचा रविवार. त्या वेळी नववे पायस हे पोप होते. इटलीच्या एकीकरणात त्यांच्या ताब्यातला बहुतेक मुलूख नुकताच गेला होता, आणि या सोहळ्यासाठी जगभरातून सुमारे तीनशे बिशप रोममध्ये जमले, ते पोपच्या राज्याला पाठिंबा दर्शवूनच परतले. नेमका तेव्हा हा जुना दावा वर का आला, याचा अंदाज वाचकांनी करावा. जपानची बंदरेही तोवर पुन्हा उघडली होती. फ्रेंच धर्मगुरूंनी नागासाकीच्या ओउरा भागात या सव्वीस जणांच्या नावाने चर्च बांधले आणि मार्च १८६५ मध्ये तिथे काही जपानी माणसे येऊन आपणही त्याच श्रद्धेचे असल्याचे हळूच सांगू लागली. त्यांच्या घराण्यांनी दोनशेहून अधिक वर्षे, धर्मगुरूवाचून, तो धर्म लपवून जपला होता.

जन्माविषयीची शंका गोव्याच्या जोसेफ वाझ यांच्या बाबतीत मात्र अधिक रास्त ठरेल. बाणावलीला जन्मलेल्या आणि श्रीलंकेतील डच अमदानीत वेश पालटून कॅथलिकांना सांभाळणाऱ्या या धर्मगुरूंचा मृत्यू कँडी येथे १७११ मध्ये झाला आणि पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केले ते १४ जानेवारी २०१५ रोजी. हा हिशेब ३०४ वर्षांचा होतो.

प्रश्न : ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम यांना कोणत्याही कार्यालयाने संत ठरवले नाही, लोकांनी मानले आणि ते संत झाले. मग कॅथलिकांना रोमचा शिक्का कशाला लागतो? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : पहिली हजारेक वर्षे तिथेही जवळपास आपल्यासारखेच चालत असे. हुतात्म्याच्या थडग्यापाशी लोक त्याच्या मृत्युदिनी जमत, त्या दिवसाला त्याचा ‘जन्मदिन’ म्हणत, आणि स्थानिक बिशपने मान हलवली की तो संत झाला. आपल्या समाधी सोहळ्यांशी याचे साम्य उघड आहे. पोपने स्वतः घोषित केलेले पहिले ज्ञात संत म्हणजे आउग्सबुर्गचे बिशप उलरिक, आणि ती घोषणा ९९३ मधली. १२३४ मध्ये पोप नववे ग्रेगरी यांच्या काळात हा अधिकार केवळ पोपकडे राहील असे कायद्यात आले, १५८८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र खाते निघाले आणि १६३४ मध्ये आठव्या अर्बन यांनी नियम फारच आवळले.

त्या नियमांतला एक तर मोठा गमतीचा आहे. रोमची परवानगी नसताना कोणाचीही सार्वजनिक पूजा करायची नाही, आणि एखाद्याचा दावा पुढे न्यायचा असेल तर त्याची अशी पूजा झालेली नाही हेच आधी सिद्ध करायचे. त्याच्या चित्राभोवती तेजोवलय काढले नाही ना, थडग्यावर दिवे लागत नाहीत ना, हे जाऊन पाहिले जाते. म्हणजे लोकांच्या मनात भक्ती तर हवी, पण ती उघडपणे ओसंडता कामा नये. पंढरीच्या वाटेवर वाढलेल्या माणसाला हे जरा विचित्रच वाटेल. यातून सुटका होती ती फक्त त्या नियमाच्या आधी शंभर वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालत आलेल्या भक्तीला. तो मुद्दा खाली ठाण्याच्या प्रश्नात पुन्हा येईल.

शिक्का कशाला, याचे चर्चने दिलेले उत्तर असे की पोप कोणाला संत करत नाही. ती व्यक्ती स्वर्गात आहे याची तो ग्वाही देतो आणि तिचे नाव अधिकृत यादीत घालतो. यादीबाहेरचे संत असंख्य आहेत असे चर्चच मानते, आणि १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण त्यांच्यासाठीही आहे.

प्रश्न : मी व्यवसायाने डॉक्टर आहे. संतपदासाठी ‘चमत्कार’ लागतो आणि तो डॉक्टर तपासतात असे वाचले. हे नक्की कसे चालते? आणि ‘सैतानाचा वकील’ अजून आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पुढे येणारे चमत्कार जवळजवळ सगळे आजारातून बरे होण्याचे असतात. ज्यांचा दावा चालू आहे अशा व्यक्तीकडे रुग्णाने किंवा त्याच्या माणसांनी प्रार्थना केली आणि रुग्ण बरा झाला, एवढ्याने काही भागत नाही. ते बरे होणे झटपट, पूर्ण आणि टिकाऊ असावे लागते आणि वैद्यकशास्त्राला त्याचा उलगडा होऊ नये अशी अट असते. केसपेपर, तपासण्या, उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या साक्षी हे सारे आधी त्या त्या धर्मप्रांतात जमा होते आणि मग रोममध्ये तज्ज्ञ डॉक्टरांच्या मंडळापुढे जाते. २०१६ च्या नियमांनुसार सात जणांच्या मंडळात किमान पाच जणांचे एकमत लागते. ‘चमत्कार’ हा शब्द डॉक्टरांनी उच्चारायचा नसतो. आजच्या ज्ञानात याचे स्पष्टीकरण नाही, इतकेच ते म्हणतात. पुढचा निर्णय धर्मशास्त्रज्ञ, मग कार्डिनल आणि शेवटी पोप घेतात.

तुमच्या व्यवसायातल्या माणसांना खटकणारे उदाहरण मदर तेरेसा यांचे आहे. त्यांचा मृत्यू ५ सप्टेंबर १९९७ चा. दावा दाखल करण्याआधी पाच वर्षे थांबण्याचा नियम पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांच्यासाठी शिथिल केला आणि १९ ऑक्टोबर २००३ रोजी त्यांना धन्यवादित घोषित केले. त्यासाठी मान्य झालेला चमत्कार बंगालमधील मोनिका बेसरा यांच्या पोटातील गाठ नाहीशी होण्याचा होता. त्यांची गाठ औषधांनीच बरी झाली असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून जाहीरपणे सांगण्यात आले. दुसरा चमत्कार ब्राझीलमधील एका माणसाच्या मेंदूतील गळवांचा होता. तो मान्य झाल्यावर ४ सप्टेंबर २०१६ रोजी त्यांना संतपद मिळाले. पहिल्या चमत्काराविषयीची शंका चर्चने पुरेशी मिटवली, असे मला वाटत नाही.

सैतानाचा वकील हे लोकांनी ठेवलेले नाव. पदाचे खरे नाव ‘श्रद्धेचा प्रवर्तक’ असे काहीसे होते, आणि दाव्यातल्या साक्षी, सद्गुण, चमत्कार या सर्वांवर हरकती घेणे हे त्याचे काम होते. या पदावर वीस वर्षे काढलेले प्रोस्पेरो लांबेर्तिनी पुढे चौदावे बेनेडिक्ट या नावाने पोप झाले, आणि संतपदाच्या प्रक्रियेवरचा त्यांचा अठराव्या शतकातला ग्रंथ अजूनही पायाभूत मानतात. १९८३ मध्ये दुसऱ्या जॉन पॉल यांनी ही न्यायालयी पद्धत बदलून तिला इतिहाससंशोधनाचे वळण दिले. पद उरले, पण हरकती घेणारा समोरचा वकील मात्र उरला नाही. मदर तेरेसांच्या चौकशीत क्रिस्टोफर हिचन्स या कट्टर टीकाकाराची साक्ष घेतली गेली, तेवढीच त्या जुन्या प्रथेची आठवण. दुसऱ्या जॉन पॉल यांनी आपल्या कारकिर्दीत ४८२ जणांना संतपद दिले. समोरचा वकील गेल्यावर वेग वाढला, असे कोणी म्हटले तर ते खोडून काढणे कठीण आहे.

प्रश्न : आमच्या वाशीत फादर अ‍ॅग्नेल यांच्या नावाच्या शिक्षणसंस्था आहेत. हे संत आहेत का? (एक विद्यार्थिनी, नवी मुंबई)

उत्तर : अजून नाहीत. आग्नेल डिसोझा यांचा जन्म गोव्यातील हणजुणे येथे १८६९ मध्ये झाला. ते पिलार येथील संघाचे धर्मगुरू होते आणि राशोल येथे २० नोव्हेंबर १९२७ रोजी त्यांचे निधन झाले. पिलारला त्यांच्या थडग्यापाशी सर्व धर्मांची माणसे जातात.

पायऱ्या चार आहेत. दावा दाखल झाला की ती व्यक्ती ‘देवाचा सेवक’ म्हणून ओळखली जाते. तिचे सद्गुण असामान्य कोटीचे होते असे ठरले की ‘पूज्य’. त्यानंतर एक चमत्कार मान्य झाला की ‘धन्यवादित’, आणि आणखी एक मान्य झाला की ‘संत’. आग्नेल यांना १९८६ मध्ये ‘पूज्य’ घोषित करण्यात आले आणि पुढची पायरी चमत्कारावर अडली आहे. हुतात्म्याला धन्यवादित होण्यासाठी चमत्काराची अट नसते. आग्नेल यांच्यासारख्या शांतपणे अंथरुणावर मरण आलेल्या माणसाला ती असते. पोपच्या मनात आले तर ती माफही होऊ शकते: वाझ यांच्या वेळी दुसऱ्या चमत्काराची अट सोडून देण्यात आली होती.

प्रश्न : कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या पाच पाद्रींना चर्च हुतात्मे मानते. त्यांनी आमच्या पूर्वजांची देवळे पाडण्यात भाग घेतला होता. मग हुतात्मा कोण? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : प्रश्न अवघड आहे, आणि तो चुकवणे बरे दिसणार नाही. चर्चच्या कसोटीनुसार मारणाऱ्याने धर्मद्वेषातून मारलेले असावे आणि मरणाऱ्याने ते मरण श्रद्धेसाठी पत्करलेले असावे. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीत रोदोल्फो आक्वाविवा आणि आणखी चार येशूसंघीय मारले गेले. आक्वाविवा हे त्याआधी अकबराच्या दरबारात राहून आलेले होते. या पाचांपैकी काही जण साष्टीतल्या देवळांच्या विध्वंसात आधी सहभागी होते, हे येशूसंघाच्या स्वतःच्या लिखाणातूनच दिसते. गावकऱ्यांच्या दृष्टीने ते चर्च बांधायला आलेले परके होते आणि त्यांच्या मागे पोर्तुगीज सैन्य उभे होते. १८९३ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी या पाचांना धन्यवादित केले. संतपद त्यांना आजवर मिळालेले नाही.

त्या दिवशी त्यांच्याबरोबर एक पोर्तुगीज प्रापंचिक आणि चौदा स्थानिक ख्रिस्तीही मारले गेले, त्यांत कोवळी मुलेही होती. त्यांची नावे चौकशीच्या वेळीच दाव्यातून वगळली गेली. गोन्सालो यांच्या बाबतीत जी शंका मी वर फेटाळली, ती इथे फेटाळण्याचे धाडस मला होत नाही. नंतर वाटाघाटीच्या नावाखाली कुंकळ्ळीच्या सोळा गावकऱ्यांना असोळणे येथील किल्ल्यात बोलावून मारण्यात आले; त्यांतला एक तेवढा निसटला. त्यांचे स्मारकही आज कुंकळ्ळीत उभे आहे. चर्चची व्याख्या तिच्या चौकटीत सुसंगत आहे, परंतु गावाच्या स्मृतीने ती स्वीकारावी अशी अपेक्षा धरता येत नाही.

प्रश्न : ठाण्यातही ख्रिस्ती हुतात्मे झाले असे ऐकतो. ते पोर्तुगीज काळातले का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : त्याच्या कितीतरी आधीचे. एप्रिल १३२१ मध्ये, ठाणे दिल्लीच्या सुलतानीखाली असताना, चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन इथे थांबले होते: तोलेन्तिनोचे तोमासो, पादुआचे जेकब, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस. काझीपुढे झालेल्या धर्मविषयक वादातून चौघांनाही ठार करण्यात आले. त्यांच्या सोबतीने आलेले जॉर्डन हे डॉमिनिकन धर्मगुरू त्या वेळी ठाण्यात नव्हते. त्यांनी मागाहून येऊन मृतदेह सोपाऱ्याला पुरले. काही वर्षांनी प्रवासी ओदोरिक यांनी त्या अस्थी जहाजातून चीनमधल्या झैतून बंदरापर्यंत नेल्या.

तोमासो यांचे शिर पुढे इटलीतील त्यांच्या गावी पोहोचले आणि तिथे त्यांची भक्ती शतकानुशतके अखंड चालू राहिली. वर सांगितलेल्या जुन्या भक्तीच्या सवलतीचा आधार त्यांना मिळाला आणि १८९४ मध्ये रोमने त्यांना धन्यवादित म्हणून मान्यता दिली. बाकी तिघे त्याच गावात, त्याच कारणाने मेले, पण त्यांच्या नावाने पिढ्यानपिढ्या दिवा लावणारे गाव कुठे नव्हते, आणि त्या मान्यतेत त्यांचा समावेश झाला नाही.